ऑक्टेव्हिया व्हीआरएसचं मागचं सस्पेन्शन: बार आणि कॉइलओव्हर घेण्याआधी

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी माझ्या शब्दांत मांडतो, काही चुकलं तर सांगा. गाडी २०१७ ची स्कोडा ऑक्टेव्हिया व्हीआरएस २३० (ऑक्टेव्हियाचं ताकदवान मॉडेल), तुम्ही दुसरे मालक, मीटरवर ७८,००० किलोमीटर. आधीच्या मालकाने लोअरिंग स्प्रिंग टाकून गाडी साधारण ३० मिलिमीटर खाली घेतलेली, शॉकॲब्सॉर्बर मात्र पहिल्यापासूनचे, कंपनीचेच. एक्सप्रेसवेवर शंभरच्या आसपास पुलाचा सांधा लागला की मागची बाजू ‘एक पाऊल बाजूला टाकते’. घरची मंडळी मागे बसली की गतिरोधकानंतर दोन-तीन हेलकावे. मागच्या टायरची आतली कड खाल्ली गेलीय. आणि यावर तुम्ही ठरवलंय ते जाड अँटी-रोल बार (वळणात गाडी कलू नये म्हणून डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा दांडा), सगळीकडे पॉलियुरेथेन बुश (सांध्यांमधले लवचीक तुकडे, रबराऐवजी कडक प्लास्टिकचे), लांबी बदलता येणारे ॲडजस्टेबल आर्म आणि कॉइलओव्हर (उंची बदलता येणारा स्प्रिंग-शॉकचा संच), सगळं एकदम. प्रश्न फक्त एवढाच, की कुठल्या कंपनीचं घ्यावं.

कंपनीचं नंतर बघू. तुमच्या दोन तक्रारी आहेत, त्यांची कारणं वेगवेगळी आहेत, आणि यादीतल्या पहिल्या वस्तूचा, म्हणजे जाड बारचा, दोन्हींशी काही संबंध नाही. दुखणं म्हशीला आणि औषध पखालीला, असा हा बेत आहे. राग मानू नका. माझ्या गॅरेजमध्ये येणाऱ्या बऱ्याच जणांची यादी अशीच असते, आणि वीस वर्षांपूर्वी माझीही अशीच होती.

तुमच्या गाडीच्या मागे नेमकं काय आहे ते आधी पाहू. ऑक्टेव्हियाच्या कमी ताकदीच्या मॉडेलांना मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकांना जोडणारी एकच आडवी तुळई) येतो, व्हीआरएसला मल्टिलिंक. हे सांगायचं कारण, ‘ऑक्टेव्हियाचा मागचा पार्ट’ एवढंच बोलून ऑनलाइन मागवलं तर दुसऱ्याच गाडीचा माल घरी येतो. मल्टिलिंकमध्ये प्रत्येक चाकाला एक लांब ट्रेलिंग आर्म असतो, गाडीच्या लांबीत बसवलेला, आणि तीन आडव्या लिंक, म्हणजे जोडदांडे. खालची मोठी लिंक स्प्रिंग पेलते, वरची कॅम्बर (समोरून पाहिल्यावर चाकाचं आत-बाहेर झुकणं) सांभाळते, तिसरी बारीक. शॉकॲब्सॉर्बर स्प्रिंगच्या आत नसतो. तो वेगळा, चाकाच्या जवळ उभा असतो. फोर्डने १९९८ च्या फोकसमध्ये ही मांडणी लोकांपर्यंत आणली, २००३ च्या पाचव्या पिढीच्या गोल्फमध्ये फोक्सवॅगनने त्याच धर्तीची घेतली, आणि तुमची गाडी त्याच घराण्यातली. (तुम्ही तिला सेडान म्हणता, आपल्याकडे सगळेच म्हणतात. पण डिकीबरोबर मागची काचही उचलली जाते, म्हणजे खरी ती लिफ्टबॅक. असो.)

यातला ट्रेलिंग आर्म हा जाड लोखंडी दांडा नाही, दाबून केलेल्या पत्र्याची पट्टी आहे. पुढे-मागे ती कडक असते, पण बाजूला मुद्दाम थोडी लवते. चाक वर-खाली होताना आडव्या लिंक आपापल्या कमानीत फिरतात, आणि त्यांच्या ओढाताणीत ही पट्टी लवली नाही तर सगळंच आखडेल. पट्टीच्या पुढच्या टोकाला एक मोठा रबरी बुश आहे, जो ब्रॅकेटमधून बॉडीला धरलेला असतो. ब्रेक मारला, सांधा लागला, खड्डा लागला, की चाकाला मागे ढकलणारा पहिला धक्का हाच बुश खातो.

आता तुमची पहिली तक्रार. मागचं चाक स्टेअरिंगला जोडलेलं नसतं, पण त्याचा अर्थ ते दिशा बदलत नाही असा नाही. ट्रेलिंग आर्मचा किंवा खालच्या लिंकचा बुश फाटला की धक्क्यासरशी चाकाचा टो (वरून पाहिल्यावर चाक किती आत-बाहेर वळलंय ते) क्षणभर बदलतो, म्हणजे मागचं चाक किंचित वळतं आणि परत येतं. ‘एक पाऊल बाजूला’ हे तुम्ही अगदी अचूक लिहिलंय, ते तेच आहे. टो म्हणजे केवढी बारीक गोष्ट, याचा एक हिशेब देतो. चाक फक्त ०.१ अंश तिरकं असेल, तर एक किलोमीटर धावताना टायर पावणेदोन मीटर आडवा घासतो. पुणे ते मुंबई जाऊन या आणि गुणाकार करा. आतली कड खाल्ली जाते ती यामुळे. लोक दोष कॅम्बरला देतात, कारण कॅम्बर डोळ्याला दिसतो. माझ्या अनुभवात नुसत्या कॅम्बरने टायर हळूहळू जातो, चुकीच्या टोबरोबर कॅम्बर आला की सहा महिन्यांत तारा दिसायला लागतात.

त्यात तुमची गाडी खाली घेतलेली. गाडी खाली आली की या मांडणीत मागच्या चाकांचा निगेटिव्ह कॅम्बर (चाकाची वरची बाजू आत झुकणं) वाढतो आणि टोही जागेवरून हलतो. स्प्रिंग टाकल्यावर आधीच्या मालकाने चारही चाकांचं अलाइनमेंट केलं होतं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. माझा अंदाज, पुढचं झालं असेल, मागचं नाही. कितीतरी ठिकाणी ‘पीछे का नहीं होता’ असं सांगून पाठवतात. तुमच्या गाडीत होतं. आडव्या लिंकच्या आतल्या टोकांना एक्सेंट्रिक (केंद्र बाजूला असलेले) बोल्ट आहेत, ते फिरवून टो आणि कॅम्बर दोन्ही जुळवता येतात. वर्षानुवर्षं कोणी हात लावला नसेल तर गंजून बसलेले असतात, आणि मग ‘नहीं होता’ हे सोपं उत्तर.

दुसरी तक्रार, हेलकावे. हे काम शॉकॲब्सॉर्बरचं, आणि इथे मला फारशी शंका नाही. ७८,००० किलोमीटर आपल्या रस्त्यांवर, आणि त्यातले बरेचसे कडक व आखूड स्प्रिंगबरोबर. कंपनीचा शॉक कंपनीच्या स्प्रिंगसाठी जुळवलेला असतो. स्प्रिंग कडक केली की दबल्यानंतर ती जोरात परत उसळते, आणि ती उसळी धरायला शॉकचा रिबाउंडही (परत उसळताना होणारा रोध) तेवढाच वाढायला हवा. तो वाढलेला नाही, उलट वयाने कमी झालाय. शिवाय ३० मिलिमीटर खाली म्हणजे चाकाला वर जायला तेवढी जागा कमी. मागे तीन माणसं आणि ५९० लिटरच्या डिकीत गणपतीला कोकणात न्यायचं सामान भरलं, की गाडी जवळजवळ बंप स्टॉपवर, म्हणजे चाक फार वर गेलं की अडवणाऱ्या ठोकळ्यावर, बसते. बंप स्टॉप हीसुद्धा एक स्प्रिंगच आहे, पण फार कडक. त्यावर आदळलेली गाडी ‘कडक’ वाटते आणि लोकांना वाटतं सस्पेन्शन स्पोर्टी झालं. प्रत्यक्षात त्या क्षणी सस्पेन्शन उरलेलंच नसतं.

आता बघा, जाड बार यात कुठे बसतो? बार एक चाक वर आणि दुसरं खाली असतानाच काम करतो. पुलाच्या सांध्यावर दोन्ही चाकं एकदम उचलली जातात, गतिरोधकावरही तसंच, तिथे बार नुसता आपल्या बुशमध्ये फिरतो. म्हणजे तुमच्या दोन्ही तक्रारींना तो बघत बसणार.

बार वाईट आहे असं नाही. व्हीआरएस पुढच्या चाकांवर चालणारी गाडी, २३० पीएस ताकद आणि ३५० न्यूटन मीटर टॉर्क पुढच्याच दोन टायरांवर. ती वळणात नाक बाहेर काढते, आणि मागचा बार जाड केला की हे कमी होतं, कारण आडवा भार पुढच्या जोडीऐवजी मागच्या जोडीत जास्त सरकतो आणि पुढच्या आतल्या चाकाला पकड मिळते. मी स्वतः अनेक गाड्यांना बसवलाय आणि मालक खूश आहेत. पण एक गणित लक्षात असू द्या. भरीव बारचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घातात वाढतो. २० चा २२ मिलिमीटर केला की दोन मिलिमीटर वाटतात, कडकपणा मात्र ४६ टक्क्यांनी वाढतो. २० चा २४ केला तर दुपटीच्याही वर. तुम्ही थेट मोठ्या मापाला हात घालताय आणि तो सगळ्यात कडक भोकावर लावणार म्हणताय (बारच्या टोकाला दोन-तीन भोकं असतात, कुठल्या भोकात जोडला यावर कडकपणा ठरतो). पोकळ आणि भरीव बारची मापं एकमेकांशी ताडून बघू नका हेही जाता जाता.

इथे माझीच एक चूक सांगतो. दहा-बारा वर्षांपूर्वी एका स्कोडा लॉराला मागे जाड बार लावला होता. गिऱ्हाईक ओळखीचं, हौशी. उन्हाळ्यात घाटात फिरवून आले, फोन करून कौतुक केलं. जुलैत ताम्हिणीत, धुवाधार पावसात, वळणात समोर म्हैस दिसली म्हणून त्यांनी ॲक्सिलरेटर एकदम सोडला आणि मागची बाजू बाहेर निघाली. ईएसपीने (घसरती गाडी सावरणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेने) सावरलं म्हणून कठड्याच्या दगडाला फक्त मागचं अलॉय लागलं, माणसं सुखरूप. गाडी आली तेव्हा पाहिलं, पुढे नवे टायर, मागे पाच वर्षांचे. पुढचे झिजले म्हणून त्यांनी पुढेच नवे टाकले होते, आणि बार लावताना मी मागच्या टायरांकडे बघितलंच नव्हतं. बार मागची पकड थोडी काढून पुढे देतो, आणि मागच्या टायरांकडे द्यायला मुळात पकड शिल्लकच नव्हती. तेव्हापासून दोन नियम पाळतो. नवे टायर दोनच घेतले तर ते मागे जाणार, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी. आणि बार लावला तर पहिला पावसाळा सगळ्यात मऊ भोकावर काढायचा.

पॉलियुरेथेन बुशबद्दल माझं मत अनेकांना पटत नाही, तरी सांगतो. कंपनीचा रबरी बुश आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेला असतो. आर्म हलतो तेव्हा रबर पिळवटतं, घसरत नाही. पॉलियुरेथेनचा बुश चिकटलेला नसतो, तो नळीवर फिरतो. एकाच अक्षात फिरायचं असेल, जसं अँटी-रोल बारचे बुश, तिथे तो झकास. पण ट्रेलिंग आर्मच्या पुढच्या बुशला एकाच वेळी तीन-चार दिशांना लवावं लागतं. तिथे फार कडक बुश घातला तर लवणारी पट्टी आणि न लवणारा बुश यांची झटापट सुरू होते, आणि पुलाचा सांधा थेट तुमच्या कण्याला कळतो. वर आपल्याकडची धूळ. ग्रीस वाळलं की वर्षाच्या आत करकर सुरू, आणि गिऱ्हाईक ती करकर ऐकवायला दर शनिवारी हजर. ट्रॅकवर जाणाऱ्या गाडीला जरूर घाला. तुमच्या वापराला ट्रेलिंग आर्मवर नवीन रबरी बुश, दर्जेदार, एवढं पुरेसं आहे. नवा रबरी बुश फाटक्या बुशच्या तुलनेत केवढं मोठं ‘अपग्रेड’ असतो, हे बसवल्यावर पहिल्याच फेरीत समजेल.

आणि बुश बसवायची पद्धत. पार्टपेक्षा ही महत्त्वाची, म्हणून थोडं थांबतो. चिकटवलेल्या रबरी बुशचा बोल्ट चाक हवेत लोंबत असताना कधीही शेवटचा आवळायचा नाही. तसा आवळला तर त्या लोंबत्या स्थितीलाच रबर ‘सरळ’ समजतं, आणि गाडी जमिनीवर आली की कायमचं पिळलेल्या अवस्थेत राहतं. उंची एखाद्या सेंटिमीटरने चुकते आणि बुश एक-दोन वर्षांत फाटतो. मी गाडी उचलण्यापूर्वी चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत माप घेऊन खडूने फेंडरवरच लिहितो. काम झालं की हबखाली जॅक लावून चाक त्याच मापावर आणतो आणि मग पान्हा. तुमच्या बाबतीत स्प्रिंग बदलणार असाल तर हे माप नव्या उंचीचं हवं, म्हणजे आधी हलके आवळून गाडी खाली सोडा, थोडी चालवून बसू द्या, मग मोजा. ट्रेलिंग आर्मच्या बुशला तर ब्रॅकेट आणि आर्म यांचा कोनही मॅन्युअलप्रमाणे धरावा लागतो. या गाडीचे बरेचसे बोल्ट टॉर्कनंतर ठरावीक अंश फिरवून ताणायचे असतात. ते एकदाच वापरायचे, जुने परत लावायचे नाहीत. बोल्टचे पैसे वाचवणारा मेकॅनिक मिळाला तर चहा पिऊन परत या.

माझ्याकडे मागे एक गाडी आली होती. दुसरीकडे तीस-चाळीस हजारांचे आर्म बदललेले, तरी टकटक जाईना. पार्ट सगळे नवे आणि चांगले. सगळे बोल्ट ढिले केले, चाकं उंचीवर आणली, नवे बोल्ट घालून परत आवळले. टकटक गेली. पार्ट एकही बदलला नाही.

आता तुम्ही काय करावं. हे बरंचसं गाडी उचलून काय दिसतं यावर ठरेल, म्हणून ठाम यादी देत नाही, क्रम देतो. पहिल्यांदा टायर: बनावटीची तारीख, हवा, आतल्या कडेवर हात फिरवून करवतीसारखे दात लागतात का ते. मग लिफ्टवर गाडी घेऊन टॉमीने (लोखंडी पहारीने) प्रत्येक बुशला हलका ताण द्यायला सांगा आणि भेग उघडते का ते स्वतः बघा, मोबाइलवर शूटिंग घ्या. शॉकवर नुसता ओलसर थर असेल तर लगेच घाबरू नका, धूळ चिकटून ओघळ आला असेल तर तो शॉक गेला. कोपरा दाबून हेलकावे मोजण्याच्या चाचणीवर मात्र विसंबू नका. अर्धा मेलेला शॉकही त्यात पास होतो. हे झाल्यावर फाटलेले बुश आणि चारही शॉक, बंप स्टॉप आणि वरच्या माउंटिंगसकट. मग चार चाकांचं अलाइनमेंट, टाकीत नेहमीचं पेट्रोल ठेवून. मागे मी दोन्ही बाजूंना सारखा, प्रत्येकी ५ मिनिटांच्या आसपास टो-इन (चाकाची पुढची बाजू किंचित आत) ठेवतो. मिनिटं म्हणजे अंशाचा साठावा भाग, घड्याळाची नव्हेत. दोन बाजू वेगळ्या राहिल्या तर गाडी खेकड्यासारखी तिरकी पळते आणि स्टेअरिंग वाकडं धरावं लागतं.

यानंतर किमान दोन महिने चालवा. तरीही वळणात नाक बाहेर जातंय असं वाटलं तर बार घ्या, एक माप जाड, दोन-तीन भोकांचा. बसवताना बहुतेकदा मागची सबफ्रेम (सस्पेन्शन धरणारी खालची चौकट) थोडी खाली घ्यावी लागते, तेव्हा अलाइनमेंट परत होणार हे खर्चात धरा. ॲडजस्टेबल आर्म मला तुमच्यासाठी आज दिसत नाहीत. एक्सेंट्रिक बोल्ट टोकापर्यंत फिरवूनही कॅम्बर मापात येत नाही असं अलाइनमेंटच्या कागदावर दिसलं, तरच. अजून एक, दिवे आपोआप वर-खाली होणारे असतील तर उंची बदलल्यावर सेन्सरचं कॅलिब्रेशन करून घ्या, नाहीतर समोरच्याच्या डोळ्यांत जाळ.

शॉकच्या निवडीत मात्र एक निर्णय तुमचा आहे, तो मी घेऊ शकत नाही. मागे माणसं किती वेळा बसतात? महिन्यातून चार वेळा पाच जण जात असतील तर त्या अनोळखी लोअरिंग स्प्रिंग काढा, कंपनीच्या स्प्रिंग परत घाला आणि त्यांना बिलस्टाइन बी६ सारखा मोनोट्यूब (एकाच नळीचा) शॉक द्या. एकटे-दुकटे फिरत असाल आणि खाली घेतलेला रुबाब सोडवत नसेल, तर नावाजलेल्या कंपनीच्या गाडी २०-२५ मिलिमीटर खाली आणणाऱ्या स्प्रिंग आणि आखूड स्प्रिंगसाठीच बनवलेला बी८. बी६ मोठ्या लांबीचा, बी८ आखूड. यांची सरमिसळ करू नका, दुकानदार ‘चालतो’ म्हणाला तरी. कॉइलओव्हर चांगले असतात, पण स्वस्तातले नकोत. शिवाय तुमच्या गाडीत मागे स्प्रिंग वेगळी असल्याने उंचीचा ॲडजस्टर स्प्रिंगच्या बुडाशी, चिखलात बसतो. दोन पावसाळ्यांनंतर त्याच्या आट्या फिरतील याची हमी कोणी देत नाही.

स्प्रिंगचे आकडे वाचताना एक खुलासा. मागची स्प्रिंग लिंकवर चाकापासून आत बसलेली आहे, म्हणून चाकाला तिचा पूर्ण कडकपणा मिळत नाही. समजा लिंकच्या लांबीच्या ०.७ वर ती बसली, तर चाकाला त्याचा वर्ग, म्हणजे ०.४९, जेमतेम निम्मा कडकपणा मिळतो. पुढे स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक एकाच खांबात) असल्याने जवळजवळ सगळा मिळतो. म्हणून ‘मागची स्प्रिंग पुढच्याहून एवढी कडक का’ म्हणून दचकू नका. आणि पुढच्या-मागच्या वेगवेगळ्या संचातल्या स्प्रिंग जोडून स्वतः प्रयोग करू नका.

कायद्याचंही थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये उत्पादकाच्या मूळ तपशिलांत फेरफार करण्यावर बंधनं आहेत, आणि अपघातानंतर विम्याच्या सर्व्हेअरने उंची उतरवलेली पाहिली तर वाद होऊ शकतो, म्हणून विमा कंपनीला आधी लेखी विचारा. कंपनीच्या मापाचे शॉक आणि बुश बदलणं ही दुरुस्ती आहे, तिथे हा प्रश्न येत नाही.

अलाइनमेंट करायला जाल तेव्हा काही फिरवण्याआधीचा प्रिंटआउट मागून घ्या, नंतरचा तर देतातच. मागच्या डाव्या आणि उजव्या चाकाच्या टोचे ‘आधीचे’ आकडे आणि बुशच्या भेगांचे फोटो इथे टाका. दोन बाजूंत मोठा फरक निघाला तर बुशच्या आधी एखादा आर्म वाकलाय का ते बघावं लागेल, आणि मग वरचा क्रम थोडा बदलेल.